गाय लंगडी नव्हती

अवघड कॉलेजात प्रवेश मिळाला की सगळे अभिनंदन करतात, आणि पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की तेच लोक जपून बोलायला लागतात. माझ्या भाचीच्या वाट्याला नुकतंच हे आलं. आधीच्या कॉलेजात ती कायम पहिल्या दोघातिघांत असायची. मग मधूनच तिनं एका नावाजलेल्या, कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजात बदली घेतली, आणि दहापैकी नऊच्या वर असणारा तिचा सरासरी ग्रेडचा आकडा पहिल्याच सेमिस्टरला सहाच्या खाली आला. घरात कुणी ओरडलं नाही. "ओरडले असते तर बरं झालं असतं गं मावशी," ती मला फोनवर म्हणाली. ओरडण्याऐवजी एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी अगदी समजुतीच्या सुरात तिला सांगितलं होतं, "वासरांत लंगडी गाय शहाणी, बाळा. आता कळलं ना?"

या म्हणीवर माझा जुना राग आहे. वासरांत असताना गाय शहाणी ठरली, इथवर ठीक. ती लंगडी होती हे कुणी तपासलं? ते आपण निकाल हातात आल्यावर मागाहून ठरवून टाकतो. मी स्वतः शिकत असताना असंच मध्येच कॉलेज बदललं होतं, आणि आता इतकी वर्षं गणित शिकवते आहे. बाहेरून आलेली काही मुलं दर वर्षी माझ्या वर्गात असतात. त्यांच्यात कच्चं कुणीच नसतं, असा दावा मी करणार नाही. पण बहुतेकांची अडचण कच्चेपणाची नसते, आणि त्या अडचणीवर मुलं जो उपाय आपणहून शोधतात त्यानं ती उलट वाढते. मला मुख्यतः बोलायचंय ते या उपायाबद्दल. त्याआधी थोडं आकड्यांबद्दल.

अमेरिकेत दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची वाट चांगलीच रुळलेली आहे, त्यामुळे या घसरणीचा अभ्यासही तिथंच जास्त झाला. जॉन हिल्स यांनी १९६५ साली तोवरची आकडेवारी एकत्र करून पाहिली आणि बदलीनंतर मार्क पडण्याला 'ट्रान्सफर शॉक' असं नाव दिलं. पुढे १९९२ मध्ये डियाझ यांनी अशा ६२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या ७९ टक्के अभ्यासांत घसरण दिसली. बहुतेक ठिकाणी ती चारच्या मोजपट्टीवर अर्ध्या ग्रेड-पॉइंटच्या आतली होती. आणि जिथं घसरण होती तिथल्या साधारण दोन तृतीयांश अभ्यासांत मुलं पुन्हा सावरली होती, तीही बहुधा वर्षभरात. उरलेल्या एक तृतीयांशाचा उल्लेख कुणी करत नाही. "होईल गं सगळं नीट" म्हणणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

सावरणं मार्कशीटवर दिसायला वेळ लागतो, हे आणखी वेगळंच. अनेक विद्यापीठांत बदलून आलेल्या मुलांचे जुने क्रेडिट धरतात, पण जुन्या ग्रेड नव्या सरासरीत घेत नाहीत. म्हणजे नवी सरासरी सुरू होते ती नेमकी सगळ्यात वाईट सेमिस्टरपासून. पहिल्या खेपेला ५.८ आले आणि दुसऱ्या खेपेला ७.४, तर सरासरी ६.६. मुलगी सातच्या पुढे गेलेली असते आणि कागद अजून साडेसहापाशीच घुटमळत असतो. घरच्यांना दिसतो तो कागद.

आणखी एक साधी मोजणी आहे, जी कुणी करून बघत नाही. ज्या वर्गातला प्रत्येक जण आपापल्या आधीच्या वर्गात पहिला आलेला आहे, त्या वर्गातही निम्मी मुलं मधल्या क्रमांकाच्या खाली असणारच. त्याला इलाज नाही. पण ज्यानं आयुष्यात कधी खालच्या निम्म्यात पाऊल टाकलेलं नाही, त्याला ही मोजणी अपमानासारखी लागते. जेम्स डेव्हिस या समाजशास्त्रज्ञानं १९६६ साली अमेरिकी कॉलेजातल्या तरुणांचे करिअरचे निर्णय तपासले. मोठी झेप घेऊ पाहणारे कोण आणि माघार घेणारे कोण, हे कॉलेजच्या दर्जापेक्षा मुलाच्या त्या कॉलेजातल्या ग्रेडवर जास्त अवलंबून होतं. मुलांनी आपली तुलना देशभरातल्या मुलांशी केलेली नव्हती, शेजारच्या बाकाशी केली होती. हर्बर्ट मार्श यांनी १९८४ पासून हेच शाळकरी मुलांत दाखवायला सुरुवात केली. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. हुशार मुलांच्या शाळेत गेलेलं मूल स्वतःला कमी हुशार समजतं. २००३ मध्ये मार्श आणि हाउ यांनी २६ देशांतल्या मुलांची आकडेवारी तपासली आणि तिथंही तोच कल निघाला. थोडक्यात, भाचीला जे वाटत होतं ते वाटणं ठरलेलंच होतं. ते खरं आहे की नाही, हा प्रश्न वेगळा.

तो प्रश्न सोडवायचा तर पेपर बघायला हवा होता. मी तिला म्हटलं, आकडा राहू दे, मला तपासलेली उत्तरपत्रिका पाठव. तिनं आढेवेढे घेतले. मग रात्री उशिरा फोटो आले, तेही असे की एकूण मार्कांचा कोपरा बरोबर कापलेला.

विषय लिनिअर अल्जिब्रा. हा विषय तिचा आधीच्या कॉलेजातही झालेला, आणि तिथं तिला त्यात जवळजवळ पैकीच्या पैकी. तिथले प्रश्न मला माहीत आहेत, कारण आम्हीही वर्षानुवर्षं तेच विचारतो: खालील मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढा. (मॅट्रिक्स म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकडे. तिनं गुणल्यावर जो व्हेक्टर फक्त एखाद्या आकड्याच्या पटीत बदलतो तो तिचा आयगेनव्हेक्टर, आणि तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू.) चार पायऱ्या, ठरलेली रीत, शेवटी चौकटीत उत्तर. नव्या पेपरातला प्रश्न असा होता: दोन बाय दोनची, शून्य नसलेली अशी एक मॅट्रिक्स लिहा जिचा वर्ग शून्य येतो, मग अशा कुठल्याही मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू शून्यच असते हे दाखवा.

भाचीनं काय केलं होतं? चार जागांवर अ, ब, क, ड मांडले, मॅट्रिक्सचा स्वतःशी गुणाकार केला आणि चार समीकरणं काढली. चारही अगदी बरोबर. मग ती समीकरणं सोडवण्यात पान भरलं, दुसरं पान अर्धं झालं आणि वेळ संपली. समासात प्राध्यापकांनी लाल शाईत लिहिलं होतं, "हिशेब बरोबर. प्रश्न कुठे गेला?"

उत्तर तिच्याच चार समीकरणांत होतं. अ, क आणि ड शून्य धरा, ब च्या जागी एक लिहा. झालं. वरच्या उजव्या कोपऱ्यात एक, बाकी तिन्हीकडे शून्य, आणि या मॅट्रिक्सचा वर्ग केला की सगळीकडे शून्य. प्रश्नाचा दुसरा भाग तर दोन ओळींत संपतो. मॅट्रिक्सनं आयगेनव्हेक्टरला एकदा गुणलं की आयगेनव्हॅल्यू एकदा बाहेर येते, दोनदा गुणलं की तिचा वर्ग बाहेर येतो. मॅट्रिक्सचा वर्ग शून्य आहे आणि व्हेक्टर शून्य नाही, म्हणजे तो आकडाच शून्य. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण असं मनानं काहीही धरायला चालतं?"

मला या एका प्रश्नात तिचं सगळं सेमिस्टर दिसलं. मॅट्रिक्सचा गुणाकार तिच्याइतका झटपट करणारं तिच्या वर्गात कुणी नसेल. पण आजवर तिच्यासमोर आलेली प्रत्येक मॅट्रिक्स तिला कुणीतरी दिलेली होती. स्वतः एखादी बनवायची वेळच तिच्यावर आली नव्हती. नव्या वर्गातली मुलं पहिल्या वर्षापासून हेच करत होती: उदाहरण बनव, मोडून बघ, कुठे मोडतं ते सांग. विषयाचं नाव तेच, पुस्तकसुद्धा बहुधा तेच, आणि आतलं काम पूर्ण वेगळं. बदली देताना क्रेडिट जुळवणारे लोक विषयाची नावं जुळवतात. काम जुळतं का, हे बघायची सोय त्यांच्या फॉर्मवर नसते.

आता त्या उपायाकडे येते. निकाल पडल्यावर हुशार मूल काय करतं? जास्त अभ्यास. म्हणजे तोच अभ्यास, जास्त तास. भाचीनं फोन कमी केले, झोप कमी केली, नोट्स नव्यानं सुवाच्य अक्षरात उतरवल्या, सोडवलेली उदाहरणं पुन्हा पुन्हा वाचली. वाचताना सगळं कळत होतं. हाच या पद्धतीचा गोड धोका आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. काही मुलांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं होतं. आदल्या रात्री वाचून सगळं येतंय असं वाटणं आणि परीक्षेत ते येणं यांत अंतर असतं. सोप्या कॉलेजात हे अंतर झाकलं जातं, कारण पेपर नोट्ससारखाच असतो.

यापेक्षाही माझ्या मनात घर करून राहिलेलं काम म्हणजे यूरी ट्रिसमन यांचं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर संशोधन करत होते. तिथं कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं नापास होत होते. ही साधीसुधी मुलं नव्हती. कित्येक जण आपापल्या शाळेत पहिले आलेले. ट्रिसमननी आधी इतरांना कारण विचारलं. लोकांनी आपापले ठोकताळे सांगितले: जिद्द कमी, पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, पैशाची अडचण. (ठोकताळे सगळीकडे सारखेच असतात, फक्त म्हणी बदलतात.) मग त्यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष जवळून पाहिला. एकेक ठोकताळा गळून पडला. पहिल्या गटातली मुलं आठवड्याला सहा ते आठ तास नेमानं बसत होती, तासाला दोन तास ही शिक्षकांनी घालून दिलेली शिस्त पाळून. पण वीसपैकी अठरा जण कायम एकटे. दुसऱ्या गटातली मुलं आधी एकेकटी बसायची आणि मग एकत्र जमायची, उत्तरं ताडून पाहायची, एकमेकांच्या चुका काढायची. कुठलं गणित सगळ्यांनाच अडलंय आणि कुठलं फक्त आपल्याला, हे त्यांना ठाऊक असायचं. एकट्या मुलाला ते कधीच कळत नाही. त्याला प्रत्येक अडलेलं गणित हा आपल्या कुवतीचाच पुरावा वाटतो.

त्यातली एक बारीक गोष्ट शिक्षक म्हणून मला फार बोचते. अशा मुलांसाठी विद्यापीठाचे मदतवर्ग होते, पण ही मुलं तिकडे फिरकत नसत. कारण ती स्वतःला शिकवणाऱ्यांत मोजत आली होती. शाळेत इतरांना तीच समजावून सांगायची. 'कच्च्यांच्या वर्गा'त ती कशाला बसतील? ट्रिसमननी मग नेहमीपेक्षा अवघड गणितांची कार्यशाळा उघडली, मुलांना गटानं त्यावर झुंजायला लावलं, आणि त्यांचे निकाल लक्षणीय सुधारले. सुधारणेचा वर्ग म्हणून तो उघडला असता तर तो ओसच पडला असता, असं मला वाटतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझं नवं कॉलेज आठवलं. जुन्या कॉलेजात मुली शंका घेऊन माझ्याकडे यायच्या. त्यामुळे विचारण्याचा सराव मला कधी झालाच नव्हता. आधी समजून घ्यायचं आणि मग बोलायचं, ही सवय. नव्या वर्गात समजायलाच उशीर लागायचा, म्हणून बोलणंही लांबायचं. तिथं दोघी जणी होत्या. तास संपला की रिकाम्या वर्गात फळ्यावर गणितं सोडवत बसायच्या, मोठमोठ्यानं आणि बऱ्याचदा चुकीची. त्यातल्या एकीला प्रत्येक ओळीवर "थांब, मला हे पटलेलं नाही" म्हणायची खोड होती. सुरुवातीला मला तिचा राग यायचा. एवढं उघड आहे, हिला पटत कसं नाही? मग एकदा तिनं मलाच पटवून द्यायला सांगितलं आणि खडू माझ्या हातात दिला. तिसऱ्या ओळीवर मी अडले. मी ती पायरी वर्षभर लिहीत आले होते, ती खरी का आहे हे मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. फरक एवढाच की तिला ते माहीत नाही हे माहीत होतं आणि ते बोलायची तिला लाज नव्हती.

माझे मार्क तेव्हापासून भराभर वर गेले असं सांगायला आवडलं असतं. ते हळूहळू गेले आणि आधीच्या उंचीला कधीच पोचले नाहीत. याबद्दल मला आज काही वाटत नाही, तेव्हा फार वाटायचं.

लाजेचा भाग अभ्यासाच्या पद्धतीपेक्षा चिवट असतो. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: 'मीही सुरुवातीला इथला नाही असं वाटायचं, मग ओसरलं.' त्यावर मुलांनी स्वतः थोडं लिहिलं. सगळा कार्यक्रम तासाभराचा. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ग्रेड त्यानंतर तीन वर्षं, पदवीपर्यंत, तुलनेनं वर राहिल्या. गोऱ्या मुलांत असा फरक पडला नाही, बहुधा आपण इथले आहोत की नाही ही शंकाच त्यांना नव्हती. तासाभराच्या कामाचा असा परिणाम मला जरा जास्तच गोंडस वाटतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी तसाच उमटेल असं मी धरून चालत नाही. पण माझ्या वर्गात एक गोष्ट मी नक्की पाहिली आहे. बाहेरून आलेल्या मुलाला आपल्यासारखंच बाहेरून आलेलं, एक वर्ष पुढचं मूल भेटलं की त्याचा चेहरा बदलतो. मी दहा वेळा समजावून जे होत नाही ते तिथं होतं.

भाचीशी बोलताना मी तिला धीर देण्याच्या भरीला पडले नाही. तिला तीन गोष्टी सुचवल्या. पुढच्या सेमिस्टरला एक विषय कमी घे, नियमात बसत असेल तर. नोट्स उतरवणं बंद. त्याऐवजी प्रत्येक व्याख्येखाली तिच्यात बसणारं एक उदाहरण आणि न बसणारं एक, स्वतः बनवून लिही. आणि प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जा, ती उत्तरपत्रिका घेऊन, आणि त्यांना विचार की ही दोन पानं लिहिताना माझं कुठल्या ओळीवर चुकलं. "मी कशी सुधारू" असं विचारू नकोस. त्याचं उत्तर "अभ्यास कर" असंच येतं.

यावर तिनं मला उलट विचारलं, "आणि परत गेले तर? जुन्या कॉलेजात?"

तो पर्याय खराच आहे, आणि 'हार मानू नकोस' म्हणून तो उडवून लावणाऱ्यांत मी नाही. डेव्हिस यांचं निरीक्षण मी गंभीरपणे घेते. कडक ठिकाणी तळाशी राहून एखादीनं तो विषयच सोडून दिला, तर कॉलेजच्या नावानं काय साधलं? दुसरीकडे, पहिल्या सेमिस्टरवरून निर्णय घेणं घाईचं आहे, कारण त्या एका सेमिस्टरमध्ये नवी जागा, नवी माणसं, नव्या प्रकारचे पेपर आणि जुनी पद्धत हे सगळं एकत्र गुंतलेलं असतं. त्यातलं नेमकं काय नडलं, हे दुसऱ्या सेमिस्टरशिवाय सुटं होत नाही. पद्धत बदलून, गटात बसून, विषय कमी घेऊनही काम नकोसं वाटत असेल, मार्क कमी म्हणून नव्हे तर कामच नकोसं, तर परत जावं, किंवा विषय बदलावा. त्यात कमीपणा नाही.

तिनं तूर्त एक विषय कमी केलाय. प्राध्यापकांना भेटली, ते म्हणाले की समीकरणांपर्यंत पोचलेली मुलं वर्गात थोडीच होती, आणि जी पोचली त्यातली बरीचशी तिच्याच जागी अडली. हे ऐकून तिला बरं वाटण्याऐवजी आधी रागच आला, की हे निकालाच्या दिवशी कुणी का नाही सांगितलं. तिच्यासारखीच बदलून आलेली एक मुलगी वर्गात आहे असं कळलं, तिच्याशी बोलणं सुरू झालंय. परत जाण्याच्या अर्जाची तारीख दुसऱ्या निकालानंतरची आहे. तोवर घरी कुणी आकडा विचारायचा नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलंय. तिच्या आईनं ते मान्य केलंय, वडील अजून कबूल झालेले नाहीत.